कम्युनियनच्या रांगेत कोण नव्हतं?

सुकेळी | रविवार, रात्री १०:५०

तीन आठवडे हे डोक्यात घोळतंय. घरात बोलून झालं, आता इथे लिहिते. इथले बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत, म्हणून मध्येमध्ये थोडं उलगडून सांगेन. जाणकारांनी कंटाळू नये.

मी मूळची वसईची. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी, चर्चमध्येही मराठी. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला, म्हणून सहा वर्षं आम्ही गोव्यात, सासष्टीतल्या एका गावात राहतो. इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, कोंकणीतून, पुस्तक रोमी लिपीत. पहिलं वर्षभर मी अक्षरं जुळवत बसायचे तोवर बाकीचे आमेन म्हणून मोकळे. जुळवता जुळवता कंटाळून डोळे इकडेतिकडे फिरायची सवय लागली, असं मी स्वतःला सांगते. खरं तर ती सवय मी माहेरहूनच आणलेली.

मिस्साच्या शेवटाकडे लोक बाकांवरून उठून रांगेनं वेदीपाशी जातात आणि फादर त्यांना कम्युनियन, म्हणजे येशूचं शरीर मानलेली पवित्र भाकर, देतात. ज्याच्या मनावर मोठं पाप आहे त्यानं आधी कुमसार करायचं, म्हणजे फादरकडे कबुली द्यायची, आणि मगच रांगेत यायचं असा नियम. त्यामुळे कोण उठलं त्यापेक्षा कोण उठलं नाही ते जास्त दिसतं. अख्खा बाक रिकामा होतो आणि एकच माणूस गुडघे तिरके करून इतरांना वाट देत बसून राहतो. लहान गावात एवढं पुरतं.

आमच्या वाड्यावर अशी एक बाई आहे. मुलगा पाचवीत. दर रविवारी वेळेवर यायची, गाणी मोठ्यानं म्हणायची आणि रांगेच्या वेळी बसून राहायची. दीड वर्ष मी हे पाहत होते. आणि दीड वर्षात तिच्याशी माझं बोलणं किती? "नळाला पाणी आलं का?" एवढंच.

महिन्यातून एकदा आम्ही वाड्यावर कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, मग प्रत्येकानं एकेक विनंती मांडायची, मग चहा आणि काहीतरी तळलेलं. कुणी आजारी सासऱ्यांसाठी प्रार्थना मागितली, कुणी मुलाच्या गल्फच्या व्हिसासाठी. माझी पाळी आली. मी डोळे मिटून म्हणाले, "आपल्या वाड्यावरच्या एका बहिणीसाठी प्रार्थना करूया. ती बरेच दिवस कम्युनियनपासून दूर आहे. तिच्या घरात जे काही चाललंय त्यातून देव तिला मार्ग दाखवो."

जे काही चाललंय! मला त्यातलं काडीचंही माहीत नव्हतं.

आमेन झालं आणि चहा गाळून होईतो तिचं अख्खं चरित्र बाहेर आलं. पहिलं लग्न मोडलं. दुसरं फक्त सिव्हिलमध्ये नोंदवलंय, चर्चमध्ये नाही. एक म्हणाली नवरा तारवटी आहे, बोटीवर असतो. दुसरी म्हणाली, कसला नवरा! मी त्यात एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, दार मीच उघडून दिलं होतं. भजी मात्र खाल्ली.

घरी येताना नवरा म्हणाला, "प्रार्थनेत तपशील जरा जास्तच होता." तो फारसा बोलत नाही, त्यामुळे बोलतो तेव्हा लागतं.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलगाही दोतोर्नीला, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, येईनासा झाला. हे माझ्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मला दुसरं कारण सुचत नाही.

कुणाचे दोष काढू नका, हे येशूचं वचन बायबलमधल्या मत्तयच्या सातव्या अध्यायात आहे. लहानपणी ते घडाघडा म्हणून दाखवल्याबद्दल मला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला होता. डबा अजून आहे, त्यात रवा ठेवते.

माझा प्रश्न भोळा वाटेल, पण विचारते. धर्मानं मला बरं-वाईट ओळखायला शिकवलं. मग डोळा ते ओळखणारच ना? जीभ आवरता येते, निदान प्रयत्न करता येतो. डोळा कसा आवरायचा?

---

मांडवीकाठ | रविवार, रात्री ११:२०

ताई, हे तुमच्यातच आहे असं समजू नका. श्रावणात मासळी मार्केटच्या कोपऱ्यावर काळी पिशवी घेऊन कोण दिसलं याची बातमी आमच्या वाड्यावर त्याच्या स्कूटरच्या आधी पोचते. आणि ती देणारा स्वतः तिथं काय करत होता, हे कुणी विचारत नाही.

---

गरम_उंडो | रविवार, रात्री ११:३५

मी जन्मानं कॅथलिक, शिकलो मराठी शाळेत, म्हणून इथे पडीक.

कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही असा नियम आहे. कॉलेजात असताना एका रविवारी उशीर झाला. चर्चला जाताना वाटेत पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल भेटली, त्याचा भोंपू ऐकला आणि राहवलं नाही. गरम उंडो उभ्या उभ्या खाल्ला. तास भरला नव्हता म्हणून इमानदारीत बसून राहिलो.

बुधवारपर्यंत तीन आंटी आईकडे येऊन चौकशी करून गेल्या. एकीनं थेट विचारलं, "पोरगी कोणाची?"

पोरगी नव्हती हो. असती तर उंडो कशाला खाल्ला असता.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी ८:०५

मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा. "कोणाला जज करू नका" हे हल्ली फार स्वस्त झालंय. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यालाही हेच वचन तोंडपाठ असतं. त्याला सांगायला जा, तो तुम्हालाच बायबल ऐकवतो. मग धर्म शिकवायचाच कशाला? वाईटाला वाईट म्हणणारा एकही माणूस गावात उरला नाही तर गावाचं काय होईल?

---

नगरी_पाहुणा | सोमवार, सकाळी ९:४०

@स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्याच अध्यायात आहे. लोक पहिली ओळ म्हणतात आणि पुस्तक मिटतात.

मी नगरकडचा, प्रॉटेस्टंट, कामानिमित्त पणजीत. त्या वचनाच्या पुढंच कुसळ आणि मुसळ येतं. मूळ ग्रीकमध्ये काडी आणि तुळई अशी जोडी आहे. मराठी बायबलमध्ये कुसळ-मुसळ झालं आणि मराठी माणसाला ते परकं वाटेनासं झालं. पण तिथं येशू "भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू दे" असं म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल, मग त्याचं कुसळ काढ, असं म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळ्यातलं कुसळ काढायला मात्र जवळ जावं लागतं, हात स्वच्छ लागतो, आणि समोरच्यानं डोळा उघडा ठेवायला हवा. दहा जणांच्या बैठकीत, तो माणूस हजर नसताना, कुणाचं कुसळ निघत नाही.

मत्तयच्याच अठराव्या अध्यायात तर क्रमच दिलाय: भावानं अपराध केला तर आधी एकटा जा आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. मंडळीपुढं नंतर. सुकेळीताईंच्या बैठकीत हा क्रम उलटा झाला.

मारणाऱ्या नवऱ्याचं म्हणाल तर तिथं पोलीस. त्याच्या पाठीवरून वचनाची चादर ओढायची नाही.

आमच्यात कुमसार नाही, त्यामुळे रांगेवरून तसा अंदाज बांधायची सोयही नाही. पण आमच्याकडं "नावाचा ख्रिस्ती" असा एक शब्दप्रयोग आहे. कुणाला तो चिकटवला की काम संपलं. मी स्वतः कितीजणांना चिकटवलाय ते मोजत नाही.

---

सुकेळी | सोमवार, दुपारी १:१५

उंडोवाल्यांनी हसवलं. 😄

@नगरी_पाहुणा, "उलटा क्रम" हे बरोबर बोललात. आणि तुमच्या यादीतली सर्वांत पहिली गोष्ट, जवळ जाणं, ती तर झालीच नाही. मी तिच्या बाल्कांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीवरही कधी चढलेली नाही.

---

अंत्रुजकार | सोमवार, दुपारी ३:३०

गोव्यात धर्माच्या नावानं न्यायनिवाडा हा विषय निघाला की इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, आठवणारच. १५६० ते १८१२, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर सलग. लोकांना वाटतं ते फक्त हिंदूंच्या विरोधात होतं. मुख्य रोख होता तो ख्रिस्ती झालेल्या घरांवर, ती मनातून अजून जुनंच पाळतात की काय यावर. १७३६ च्या फर्मानात दारी तुळस नको, हे येतं. आणि भात शिजवताना त्यात मीठ घालायचं, हिंदूंसारखा अळणी शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, हेही येतं. म्हणजे न्यायाधीशाचा डोळा चुलीवरच्या भांड्यात शिरला होता.

तिथून तुमच्या वाड्यावरच्या भज्यांपर्यंत फार अंतर नाही, असं मला वाटलं. टोचलं तर माफ करा.

---

मराठा_गडी_गोंयचा | सोमवार, दुपारी ४:०२

आणि १६८४ ला कोंकणीवर बंदी कुणी आणली तेही लिहा! आणि आता मराठीला राजभाषेचा दर्जा द्यायची वेळ आली की हेच लोक...

---

संपादक मंडळ | सोमवार, दुपारी ४:१०

राजभाषेचे धागे तीन आहेत, तिन्ही वाहते आहेत. तिकडे जावे.

---

अर्धा_पाद्री | सोमवार, रात्री ९:२५

नावावरून ओळखलं असेल, सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, चार वर्षं काढून परत आलेला माणूस आहे. आता हार्डवेअरचं दुकान.

अंत्रुजकारांनी लिहिलेलं खरं आहे आणि आम्ही त्यावर आपापसात फारसं बोलत नाही हेही खरं. फक्त त्याच मातीतला दुसरा माणूसही आठवा. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा, जेझुईट संघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, सासष्टीत हयात काढली आणि ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. आलेला तोही धर्म पसरवायलाच. पण त्यानं इथल्यांची ओवी ऐकली. दुसऱ्यांनी इथल्यांच्या भातात मीठ आहे का ते पाहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे. ती बाई रांगेत का जात नाही, हे खात्रीनं एकाच माणसाला ठाऊक असू शकतं, तिचं कुमसार ऐकणाऱ्या फादरला. आणि त्याला ते मरेपर्यंत कुणाला सांगता येत नाही, पोपलाही नाही. म्हणजे ज्याला माहीत आहे तो मुका आणि ज्यांना माहीत नाही ते बोलतायत. आमच्या प्रत्येक गावाची ही व्यवस्था.

आणि समजा दुसऱ्या लग्नाची गोष्ट खरी आहे. पहिलं लग्न चर्चच्या न्यायमंडळानं रद्दबातल ठरवलं नसेल तर नियमानं तिला कम्युनियन घेता येत नाही. पण मग बघा ना, ती नियम पाळतेय! रांगेत घुसली असती तर कुणाला कळलंही नसतं. दर रविवारी सगळ्यांच्या देखत बसून राहणं म्हणजे चर्चचं म्हणणं मानणं, तेही स्वतःला त्रास होईल अशा तऱ्हेनं. तुमच्या त्या बाकावरची सगळ्यांत आज्ञाधारक कॅथलिक कदाचित तीच असेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर जे लांबलचक पत्र लिहिलं, त्यात हेच सांगितलं होतं की अशा सगळ्यांना एका मापानं मोजू नका, ते सगळे मोठ्या पापातच जगतायत असं धरून चालू नका, धर्मगुरूनं एकेकासोबत बसून त्याची परिस्थिती समजून घ्यावी. त्यावर कार्डिनल लोकांत केवढा वाद झाला! तो अजून मिटलेला नाही. रोममध्ये जे मिटत नाही ते आपण चहा गाळेपर्यंत मिटवतो.

डोळा कसा आवरायचा, विचारलंत. योहानच्या आठव्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. व्यभिचारात सापडलेली बाई, भोवती दगड घेतलेले लोक, आणि "ज्याच्याकडे पाप नाही त्यानं पहिला दगड मारावा". या वाक्यावर सगळे थांबतात. मला त्याच्या पुढची ओळ आवडते. ते बोलून झाल्यावर येशू पुन्हा खाली वाकला आणि जमिनीवर बोटानं लिहू लागला. तेवढ्यात लोक एकेक करून निघून गेले, म्हातारे आधी. त्यानं वर पाहिलं तेव्हा तिला विचारलं, ते कुठं गेले?

कोण गेला, कोण घुटमळला, कुणाचा चेहरा पडला, हे त्यानं पाहिलंच नाही. दगडवाल्यांनासुद्धा त्यानं न बघितल्याची सवलत दिली. काय लिहीत होता यावर विद्वानांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. मला वाटतं, तो फक्त खाली बघत होता.

(जुन्यात जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट नाही, हे मला माहीत आहे. कुणी तो मुद्दा काढायच्या आत सांगून टाकतो.)

---

बार्देसची_बाय | मंगळवार, सकाळी ७:५०

सुकेळी बाय, माझ्या घरातलं सांगते.

माझा भाऊ सात वर्षांमागं कॅथलिक चर्च सोडून बिलिव्हर पंथात गेला. तेव्हापासून घरातल्या लदीनला, म्हणजे गाऊन म्हणायच्या प्रार्थनेला, येत नाही. वाड्यावरच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) मेणबत्ती लावत नाही. माझी आई दरवर्षी म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला तेल घेऊन जाते. त्या रांगेत अर्ध्या बायका हिंदू असतात. शिरगावची लईराई देवी आणि आमची सायबीण सख्ख्या बहिणी, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलंय, आणि कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. भावाला वाटतं. तो आईला म्हणाला, ही मूर्तिपूजा, तू नरकात जाशील.

आई म्हणाली, "जाईन. तू फेणी सोडलीस ना? मग चालेल."

आम्ही सगळे हसलो, तो नाही हसला. मी मात्र हसून झाल्यावर विचार करत राहिले. तो रोज तावेर्नात पडलेला असायचा तेव्हा आम्ही त्याला निकालात काढला होता. आम्ही म्हणजे मी, मामा, शेजारी, सगळेच. "हो सुदारचो ना", झालं. त्या बिलिव्हर लोकांनी तेवढं त्याला निकालात काढलं नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन घेऊन जायचं. सुटली त्याची. आणि आता तो आम्हाला निकालात काढतोय.

यात चूक कोण, ते मला कळलेलं नाही. आई त्याच्यासाठी रोज एक रोझरी म्हणते. काय मागते ते सांगत नाही.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी १०:१५

"जवळ जावं लागतं" आणि "एकटा जा" हे पटलं. "खाली बघा" तितकं नाही पटलं. सगळेच खाली बघत राहिले तर दगड मारणाऱ्यांना मोकळं रान. येशूनं आधी बोलून मग खाली बघितलं, हे विसरू नका.

---

अर्धा_पाद्री | मंगळवार, दुपारी २:००

@स्पष्टवक्ता, हे मान्य. दुकानात बसून हे सुचलं नव्हतं.

---

सुकेळी | मंगळवार, रात्री ११:०५

सगळं दोनदा वाचलं. "सगळ्यांत आज्ञाधारक" हे वाचून पोटात कालवलं. दीड वर्ष मी तिच्याकडे बघत होते आणि मला हे दिसलं नाही. मी अतिशय वाईट बाई आहे. प्रार्थनेचा असा वापर करणारी माणसं बायबलमधल्या ढोंगी परुशांहून वाईट. मला तर रांगेत उभं राहायचा हक्कच नाही. मी काय...

---

नगरी_पाहुणा | बुधवार, सकाळी ६:५५

ताई, थांबा. त्या बैठकीत तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, आज स्वतःला केलंय. न्यायाधीशाची खुर्ची काही सोडवत नाही! बायबलमधल्या एका पत्रात पौलानं करिंथकरांना लिहिलंय की तुम्ही माझा निवाडा करता याची मला फिकीर नाही, मी स्वतःचाही निवाडा करत नाही, करणारा प्रभू आहे. मला हे वाक्य फार उशिरा सापडलं.

चूक एक झालीय, ठरावीक दिवशी, ठरावीक घरी, एका वाक्याची. तिच्यापुरतं बघा. "मी वाईट बाई" म्हटलं की रडता येतं आणि तिच्या घरी जायचं राहून जातं.

---

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ८:३०

+१. आणि जाताना भजी नेऊ नका.

---

सुकेळी | सोमवार, रात्री १०:२०

मधे लिहिलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतं.

मत्तयच्याच पाचव्या अध्यायात आहे की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आठवडाभर जायचं जायचं म्हणत मी गेले नव्हते. काल मिस्साला बसले आणि रांगेची वेळ झाली. उठता येईना. बसून राहिले. गुडघे तिरके केले, बाकावरच्या बायका एकेक करून पुढे गेल्या. शेवटच्या बाईनं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. सहा वर्षांत पहिल्यांदा. पाच-सात मिनिटांची रांग असते हो ती. काल लांबत गेली.

बाहेर पडताना गेटपाशी दोघींनी विचारलं, "बरें ना तुका?" एक नवऱ्याकडे बघत विचारत होती.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. एकटीच. ती बाल्कांवावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बस म्हणाली नाही. कुत्रा सारखा भुंकत होता, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि असलं मोठ्यानं बोलणं फार कठीण. त्या संध्याकाळी मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. बाकीच्या काय म्हणाल्या ते नाही सांगितलं. चुकले म्हणाले. ती चर्चला का येत नाही ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

तिनं हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "तर आता पुढच्या प्रार्थनेत मी तुझं नाव घेऊ?"

काय बोलावं कळेना. "घे" म्हणाले आणि आले.

---

गरम_उंडो | सोमवार, रात्री १०:३५

बाप रे. हसत म्हणाली की रागानं?

---

सुकेळी | सोमवार, रात्री १०:४१

नाही सांगता येणार. मी खाली बघत होते.